मागचा बंपर निवडताना आधी गाडीखाली वाका

ऑफ-रोड गाडीवर खर्च करायला निघालेला माणूस बहुधा पुढून सुरुवात करतो. आधी टायर, मग पुढचा बंपर, त्यावर विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारं यंत्र, मग दिवे. मागच्या बंपरची पाळी येईपर्यंत पैसे आणि उत्साह दोन्ही संपत आलेले असतात, त्यामुळे तो फोटो बघून घेतला जातो. काळा रंग, जाड पत्रा, दोर अडकवायच्या दोन लाल कड्या, म्हणजे शॅकल, बाजूला कॅन अडकवायची जागा. विकणारा म्हणतो, "पाच एमएमची प्लेट आहे, काही होणार नाही." घेणारा मान डोलावतो, कारण याच्यापुढे काय विचारायचं असतं हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

मागच्या बंपरला कामं मात्र पुष्कळ असतात. मोठी स्टेपनी टांगायची तर त्यालाच, अडकलेली गाडी मागून ओढायची तर त्यालाच, जॅक लावायचा तर त्यालाच, आणि खडकावरून उतरताना घासतो तोही तोच. एवढी कामं एका लोखंडी तुकड्यावर टाकायची असतील, तर पत्रा किती जाड हा प्रश्न माझ्या मते चौथा-पाचवा येतो. पहिले दोन प्रश्न वेगळे आहेत: हा बंपर गाडीच्या कोणत्या भागाला कसा बांधला जाणार, आणि मागच्या चाकांच्या मागे एकूण किती वजन लोंबणार? ही उत्तरं मिळाली की बाकीचं बरंचसं त्यांच्यामागून ठरत जातं.

कंपनीचा बंपर करतो तरी काय?

बाहेरून दिसतं ते नुसतं प्लास्टिकचं आवरण. आजच्या बहुतेक गाड्यांत त्याच्या आत फोम किंवा प्लास्टिकची जाळी असते, त्यामागे एक आडवा धातूचा बीम, आणि बीमच्या दोन्ही टोकांना मुद्दाम चेपण्यासाठी केलेले डबे. हे सगळं हळू धडकेसाठी असतं. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांपैकी ४२ क्रमांकाचा नियम बंपरकडून ताशी ४ किलोमीटरची धडक सोसायची अपेक्षा ठेवतो. विमा कंपन्यांच्या संशोधन संस्थांचा 'आरकार' नावाचा आंतरराष्ट्रीय गट बंपरची जी चाचणी घेतो, तिचा वेग ताशी सुमारे १० किलोमीटर. त्याहून जोरात कोणी आपटलं, तर खरा भार बॉडी आणि चासी घेतात.

चासी म्हणजे गाडीच्या तळाची लोखंडी चौकट. पिकअप आणि जुन्या धाटणीच्या जीपवर्गीय गाड्यांत ती वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर रबरी गुटक्यांवर बसवलेली असते. पुष्कळ नव्या एसयूव्हींत अशी वेगळी चौकटच नसते, बॉडी हाच सांगाडा. आपली गाडी यातली कोणती, हे आधी माहीत करून घ्या, कारण जड बंपर सोसणं हे मुख्यतः वेगळी चासी असलेल्या गाडीचं काम आहे. दुसऱ्या प्रकारात बंपर बॉडीच्याच सांगाड्याला बांधावा लागतो, तिथे वजन आणि जोर दोन्ही हात राखून द्यावे लागतात.

कच्च्या रस्त्यावर कंपनीच्या बंपरचे तीन दोष उघडे पडतात. प्लास्टिक खाली लोंबतं आणि पहिल्याच मोठ्या खडकाला फाटतं. जॅक लावायला भक्कम जागा नसते. ओढायला फार तर एखादा हूक असतो, आणि तोही बऱ्याचदा ट्रकवर गाडी बांधून नेण्यापुरता.

शेपटी किती वर, किती आखूड

मागच्या टायरपासून गाडीच्या मागच्या सगळ्यात खालच्या भागापर्यंत एक रेघ ओढली, तर ती जमिनीशी जो कोन करते त्याला डिपार्चर अँगल म्हणतात. सपाटीवरून तीव्र चढ सुरू होताना किंवा पायरीवरून मागची चाकं खाली उतरताना गाडीची शेपटी टेकणार की नाही, हे या कोनावर ठरतं. तीन दरवाजांच्या सुझुकी जिम्नीत तो ४९ अंश आहे, कारण तिला मागच्या चाकांच्या मागे शेपटी जवळजवळ नाहीच. लांब पिकअपमध्ये तो बहुधा विशीत असतो.

हिशोब करून बघा. बंपरची खालची कड जमिनीपासून ६० सेंटिमीटर वर आणि मागचा टायर जमिनीला टेकतो तिथून १ मीटर मागे असेल, तर कोन ढोबळमानाने ३१ अंश. नवा बंपर ५ सेंटिमीटर वर आणि १० सेंटिमीटर आखूड असला तर तोच कोन ३६ अंशांच्या जवळ जातो. पाच अंशांचा हा फरक खडकाळ वाटेवर चांगलाच जाणवतो. आता त्याच बंपरच्या मूळ जागी खाली १२ सेंटिमीटर लोंबणारा चौकोनी हिच, म्हणजे ट्रेलर जोडायची नळी, बसवा. कोन २६ अंशांच्या खाली घसरतो. मजबूत बंपर घेऊन गाडी आधीपेक्षा जास्त घासायला लागली, अशी तक्रार करणाऱ्यांनी बहुधा हिचकडे बघितलेलं नसतं. म्हणून छापील कोन बघताना तो हिच धरून आहे की सोडून, हे विचारावं. सगळ्यात चांगली रचना म्हणजे हिच बंपरच्या आतच, खालच्या कडेच्या वर बसवलेला.

सायलेन्सरचंही बघा. बंपर वर गेला की आतापर्यंत त्याच्याआड लपलेलं सायलेन्सरचं टोक सगळ्यात खाली उरतं आणि पहिला दगड त्याला लागतो. ते कापून वळवावं लागेल का, हे बंपर मागवण्याआधी कळलेलं बरं.

रुंदीचा प्रश्न अंगणभर जागा असलेल्याला पडत नाही, झाडाझुडपांतून किंवा खडकांच्या फटीतून गाडी काढणाऱ्याला पडतो. आखूड, मधल्यामधे बसणारा बंपर हलका आणि दिसायला छान, पण अरुंद वाटेवर वळताना घासतात ते मागचे कोपरे, म्हणजे टेललाइटखालचा पत्रा. तो एकदा दुमडला की दुरुस्ती बंपरपेक्षा किचकट. अशा वाटांवर जाणाऱ्याने पूर्ण रुंदीचा, कोपऱ्यांना वळसा घालणारा बंपर घ्यावा. वाळूत आणि मोकळ्या माळावर फिरणाऱ्याने ते वजन उगाच का वाहावं?

वजन: कागदावर १००, चाकांवर १४०

पाच मिलिमीटर जाड पोलादी पत्र्याचा एक चौरस मीटर तुकडा सुमारे ३९ किलोचा असतो. त्यात पाइप, ब्रॅकेट, स्टेपनी टांगायचा फिरता लोखंडी हात धरला की बंपर भराभर जड होतो. ३५ इंची टायर रिमसकट ४० किलोच्या आसपास. वीस लिटर पाणी म्हणजे कॅन सोडून वीस किलो, तेवढंच डिझेल साधारण सतरा. मोठी स्टेपनी, तिचा हात, जाड बंपर आणि एखादा कॅन, एवढ्यात शंभर किलो कधी ओलांडले ते कळत नाही. काढून ठेवलेल्या जुन्या बंपरचं वजन यातून वजा करायचं, पण तो बहुधा हलकाच असतो.

हे शंभर किलो कुठे बसतात ते महत्त्वाचं. बैलगाडीत मागच्या बाजूला जास्त ओझं भरलं की गाडी उलार होते, जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. इथेही हेच घडतं. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर अडीच मीटर धरा आणि बंपरचं वजन मागच्या आसाच्या १ मीटर मागे धरा. त्या १०० किलोंनी मागच्या आसावर पडणारा भार १४० किलोंनी वाढतो आणि पुढच्या आसावरचा ४० किलोंनी कमी होतो. तेच १०० किलो सामान मागच्या सीटच्या जागी, आसाच्या थोडं पुढे ठेवलं असतं, तर पुढची चाकं हलकी झालीच नसती.

पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग सैल वाटायला लागतं, ब्रेक मारताना पुढच्या टायरची पकड थोडी घटते, आणि तीव्र चढावर गाडीचं नाक वर जाण्याची प्रवृत्ती वाढते. मागचे पाटे किंवा स्प्रिंग बसतात. स्प्रिंग बसली की मागची उंची कमी होते, म्हणजे बंपर बदलून जो डिपार्चर अँगल मिळवला त्यातला काही भाग त्याच्याच वजनाने परत जातो! दुकानात उभ्या गाडीवर मोजलेला कोन आणि सामान भरून निघालेल्या गाडीचा कोन वेगळा असतो, तो असा.

"मग जाड पाटे टाकतो" हे उत्तर लगेच येतं. पाटे बदलून गाडी सरळ उभी राहील, पण गाडीच्या पाटीवर लिहिलेली कमाल वजनाची मर्यादा आणि प्रत्येक आसाची मर्यादा त्याने वाढत नाही. ब्रेक, बेअरिंग, आस, टायर तेच असतात. गाडी रिकामी असताना आणि या मर्यादेत जो काही फरक असतो त्यातच माणसं, इंधन, सामान, छतावरचा तंबू, विंच आणि हा बंपर, सगळं बसवायचं असतं. नीट भरलेली गाडी एकदा वजनकाट्यावर घालून मागच्या चाकांचं वेगळं वजन घ्या. हौशी मंडळी हे फारसं करत नाहीत, आणि आकडा बघितल्यावर काहींचा जाड प्लेटचा आग्रह मावळतो.

स्टेपनी दाराला की बंपरला?

रँग्लर, जिम्नी, थार यांसारख्या गाड्यांत स्टेपनी मागच्या दारावर असते. दाराच्या बिजागऱ्या आणि त्यामागचा पत्रा कंपनीने दिलेल्या चाकाच्या वजनासाठी केलेला असतो. त्याच मापाचा टायर ठेवणार असाल तर स्टेपनी आहे तिथेच राहू द्या, बंपरवर वेगळा लोखंडी हात बसवायची गरज नाही. टायर दोन-तीन मापांनी मोठा झाला की मात्र खड्ड्याखड्ड्याला बिजागऱ्यांवर धक्के बसतात, दार खाली उतरतं, लॉक नीट लागेनासं होतं, आणि पुढे पत्र्याला बिजागरीजवळ तडा जातो. दारालाच आतून मजबुती देणारे जोड मिळतात. थोड्या मोठ्या टायरला ते पुरतात आणि वजनही फार वाढवत नाहीत. पिकअपसारख्या गाड्यांत स्टेपनी तळाशी लटकते, तिथे मोठा टायर मावतच नाही.

बंपरवर बसवलेला, बाहेर फिरणारा लोखंडी हात हा तिसरा मार्ग. बंपर विकत घेताना सगळ्यात जास्त वेळ इथे घालवावा, कारण बंपरमधला हलणारा भाग एवढाच आणि बिघडतोही तोच.

आधी खुंटा बघा, म्हणजे ज्यावर तो हात फिरतो तो उभा दांडा. साधा दांडा आणि त्यात नुसती नळी असेल तर काही महिन्यांत ती झिजते, हात खाली झुकतो आणि कडीत बसवताना दर वेळी उचलावा लागतो. दोन्ही टोकांना टेपर बेअरिंग, धूळ-पाण्यापासून सील आणि ग्रीस भरायचं निपल असेल तर तो बरीच वर्षं टिकतो. खुंटा बंपरच्या नुसत्या वरच्या पत्र्याला वेल्ड केलेला नसावा, वरून खालपर्यंत आरपार जाऊन दोन्हीकडे वेल्ड केलेला असावा.

मग कडी. चांगली कडी हात नुसता अडकवून थांबत नाही, त्याला रबराच्या किंवा नायलॉनच्या ठोकळ्यावर दाबून धरते. तो दाब नसेल तर कच्च्या रस्त्यावर सतत खडखडाट, आणि खडखडाट म्हणजे झीज. दुकानात हात बंद करून दोन्ही हातांनी हलवून बघा. जरासाही हलला तर वाळूच्या लाटांवर तो काय करेल याची कल्पना करा.

आणि उघड्या स्थितीतलं लॉक. गाडी उतारावर तिरकी उभी असते, तुम्ही मागच्या दारात वाकलेले असता, आणि साठ किलोंचा हात स्वतःच्या वजनाने फिरून येतो. बोटं चेंगरतात ती अशी. हात पूर्ण उघडल्यावर आपोआप अडकणारी खीळ नसेल, तर बाकी कितीही छान असला तरी तो बंपर घेऊ नये असं मी म्हणेन.

रोजची कटकटही मोजा. आधी हात उघडा, मग दार, पुन्हा आधी दार, मग हात. दिवसातून चार वेळा डिकी उघडणाऱ्याला याचा वैताग येतो. हात आणि दार एका दांडीने जोडून एकदम उघडणारी रचना मिळते, तिथे जोडाची लांबी जुळवणं थोडं नाजूक असतं.

ओढण्याची जागा

रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढून काढताना दोर जिथे अडकवतात ती जागा म्हणजे रिकव्हरी पॉइंट. इथे चूक झाली तर नुकसान गाडीपुरतं राहत नाही.

अडीच टनांची गाडी ताशी १० किलोमीटर वेगाने पुढे गेली आणि दोर ताणून थांबली असं धरा. थांबायला २ मीटर मिळाले, म्हणजे दोर तेवढा लांबला, तर सरासरी जोर सुमारे अर्धा टन. तीच गाडी न लांबणाऱ्या साखळीने १० सेंटिमीटरमध्ये थांबली तर जोर जातो १० टनांच्या आसपास. गाडी तीच, वेग तोच. म्हणून झटका देऊन ओढायचं तर लांबणारा काइनेटिक दोरच वापरतात, साखळी कधीच नाही. आणि गाडी पोटापर्यंत चिखलात असेल तर चांगल्या दोरावरही जोर कित्येक टनांवर जातो.

हा जोर शॅकलमधून बंपरच्या कानाला, म्हणजे शॅकल अडकवायच्या भोकाच्या पट्टीला, कानातून पत्र्याला, पत्र्यातून बोल्टला आणि बोल्टमधून चासीला जातो. यातली सगळ्यात कच्ची कडी तीच तुमच्या बंपरची ताकद. शॅकलवर आकडा कोरलेला असतो, १९ मिलिमीटरच्या बो शॅकलवर बहुधा ४.७५ टन. तो शॅकलचा आकडा आहे, बंपरचा नव्हे, हे विकणारा सांगत नाही. कान बंपरच्या बाहेरच्या पत्र्यावर वरवर वेल्ड केला असेल तर तो पत्र्यासकट उपटून निघू शकतो. कान पत्र्यातून आरपार जाऊन आत चासीच्या ब्रॅकेटला मिळालेला आणि दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेला असावा. बंपरखाली वाकून, टॉर्च मारून हे दिसतं. नुसती आतली बाजू बघू द्यायला दुकानदार का-कू करत असेल तर उत्तर मिळालंच.

टो बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या लोखंडी गोळ्याला, दोर अडकवून झटका देऊ नये. तो गोळा ट्रेलर ओढण्यासाठी केलेला असतो. झटक्यात तो तुटतो आणि ताणलेला दोर त्याला गोळीच्या वेगाने समोरच्या काचेवर फेकतो. असे मृत्यू झालेले आहेत. हिचच्या चौकोनी नळीत बसणारा, पिन लावायचा शॅकल ब्लॉक वापरला तर तीच नळी सरळ ओढीसाठी चांगली जागा होते, अर्थात नळी चासीला नीट बांधलेली असेल तर.

जॅकची जागा यापेक्षा साधी बाब. उंच फार्म जॅक वापरणार असाल तर बंपरला त्याची जीभ अडकेल अशी खाच हवी. गोल, गुळगुळीत पाइपवर जॅक घसरतो.

पोलाद, पाइप की अॅल्युमिनियम?

पाइपचा बंपर हलका आणि दिवसभर चिखल-वाळूत फिरणाऱ्याला पुरेसा. टोकदार खडकावर मात्र सगळा जोर एका ठिकाणी येऊन पाइप चेपतो. पत्र्याचा बंपर खडकावर घसरत पुढे जातो. दोन्हींचं मिश्रण बऱ्याच जणांना चालून जातं.

अॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश, पण त्याचा ताठपणाही तेवढाच कमी, म्हणून तो जाड वापरावा लागतो आणि वजनाची बचत जाहिरातीइतकी राहत नाही. तरीही मागच्या टोकाचे वीस-तीस किलो वाचणं मोलाचंच. अॅल्युमिनियम खडकाला घसरत नाही, त्यात खोल ओरखडे पडतात. वेल्डच्या शेजारचा भाग मऊ पडतो. आणि पोलादी चासीला लागून थेट बसवला, वर खारट पाणी मिळालं, तर सांध्यावर अॅल्युमिनियम खात जातं, मधे इन्सुलेट करणारी पट्टी लागते. पोलाद वाकलं तर हातोड्याने सरळ करता येतं, तुटलं तर कुठेही वेल्ड होतं. दूरच्या प्रवासात ही सोय कमी समजू नका.

पावडर कोटिंग शोरूममध्ये झकास दिसतं. दगडाने त्याचा टवका उडाला की गंज आतल्या आत पसरतो आणि वरून कळतही नाही. खाली जस्ताचा प्रायमर आहे का, विचारा. बंद पेटीसारख्या भागांना तळाशी पाणी निघायला भोकं हवीत, नाहीतर आत साठलेला चिखल बंपर आतून खातो.

"पण मजबूत बंपर म्हणजे जास्त सुरक्षित ना?"

मागून हळू धडक बसली तर तुमच्या गाडीला ओरखडाही येणार नाही, हे खरं. जोराच्या धडकेत मात्र चेपणारे डबे काढून तुम्ही तिथे न चेपणारं लोखंड लावलेलं असतं, आणि धक्का जास्त प्रमाणात चासीला आणि सीटवरच्या मानांना पोचतो. तिसऱ्या रांगेत, मागच्या काचेला लागून मुलं बसत असतील तर मी जड बंपरबद्दल दोनदा विचार करीन.

दुसरा पेच उंचीचा. अमेरिकेत कारच्या बंपरची परीक्षा जमिनीपासून साधारण ४० ते ५१ सेंटिमीटरच्या पट्ट्यात होते, म्हणजे लहान कारचा बंपर तेवढ्या उंचीवर असतो. वरच्या उदाहरणात आपण बंपर ६५ सेंटिमीटरवर नेला. मागून येणाऱ्या कारचा बंपर आता त्याच्या खालून जाणार आणि आपलं लोखंड तिच्या बॉनेटवर. डिपार्चर अँगल आणि रस्त्यावरची सुरक्षितता इथे समोरासमोर येतात, त्यातून सुटका नाही. आठवड्यातले सहा दिवस महामार्गावर काढणाऱ्याने कोनाचा हट्ट थोडा सोडावा.

मागच्या टोकाला काय असतं याकडे किती गांभीर्याने बघावं, याचं एक उदाहरण आहे. जुन्या ग्रँड चेरोकी आणि लिबर्टी या जीपमध्ये इंधनाची टाकी मागच्या आसाच्या मागे होती. धडकेत आग लागण्याच्या घटनांवरून अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा संस्थेने चौकशी केली आणि जून २०१३ मध्ये क्रायस्लरने गाड्या सदोष असल्याचं न मानता सुमारे १५.६ लाख गाड्या परत बोलावायचं कबूल केलं. उपाय काय, तर मागे टो हिच बसवणं, कमी आणि मध्यम वेगाच्या धडकेत टाकीला आधार म्हणून. तुमच्या गाडीची टाकी कुठे आहे ते बघा. नव्या बंपरचा एखादा ब्रॅकेट किंवा बोल्टचं टोक तिच्याकडे रोखलेलं नसावं, आणि कंपनीचा आतला बीम काढायला सांगणारा बंपर असेल तर त्या जागी तो काय देतो ते विचारा. याच कारणाने पेट्रोलचा कॅन मागच्या बंपरवर टांगणं मला पटत नाही. पाण्याचा टांगावा.

सेन्सर, कॅमेरा, दिवे

नव्या गाडीत इथेच सगळ्यात जास्त पस्तावा होतो. पार्किंगचे सेन्सर भोकं पाडून पोलादी बंपरमध्ये हलवता येतात, फक्त त्यांची उंची आणि कल मूळच्या जवळ हवा. शेजारच्या लेनमधली गाडी दाखवणारा रडार मागच्या कोपऱ्यांत, प्लास्टिकच्या आत बसवलेला असतो. त्याच्या लहरी प्लास्टिकमधून जातात, लोखंडातून नाही. पूर्ण रुंदीच्या पोलादी बंपरने तो आंधळा होऊ शकतो. स्टेपनीच्या हाताने कॅमेरा, नंबर प्लेट आणि मधला ब्रेक लाइट झाकला जातो, तो पुन्हा दिसेल अशी सोय बंपरसोबत येते की वेगळी घ्यावी लागते, हे आधी लिहून घ्या.

नियम देशोदेशी वेगळे. कुठे बदलाला आगाऊ मंजुरी लागते, कुठे त्याला पूर्ण मनाई आहे. आपल्याकडे काय चालतं ते मागवण्याआधी विचारा आणि विमा कंपनीला बदल कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी वाद होतो.

"ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतला तर?"

चालेल, फॅब्रिकेटर चांगला असेल तर उत्तमच. तुमच्या गाडीच्या मापाचा, नको ते वगळून केलेला बंपर मिळेल. दोन अटी मात्र घाला. एक, चासीला वेल्ड करायचं नाही, कंपनीच्या मूळ भोकांतून बोल्टने बांधायचं. वेल्डच्या उष्णतेने चासीचं पोलाद कमकुवत होतं आणि बंपर पुढे काढताही येत नाही. गाडीवर कसलंही वेल्डिंग करायची वेळ आलीच तर बॅटरीच्या तारा आधी सोडवायच्या. दोन, बोल्टच्या डोक्यावरचा आकडा बघायचा. ८.८ लिहिलेला बोल्ट ८०० मेगापास्कल ताण सोसतो, चकचकीत स्टेनलेसचा नेहमीचा ए२-७० लिहिलेला ७००, आणि काहीच न लिहिलेल्याचा भरवसा धरू नये. पातळ चासीवर नटामागे जाड पट्टी द्यायची, नाहीतर ओढताना नट पत्र्यातून बाहेर येतो.

बॉडी आणि बंपर यांच्यामधे बोटभर फट सोडायला सांगा. रबरावर बसलेली बॉडी चासीवर हलते. तिरक्या वाटेवर फट नसलेला बंपर टेललाइटखालचा पत्रा चेपतो, आणि लोक खडकाला दोष देतात.

बदललाच नाही तर?

बऱ्याच जणांचं काम त्याने भागतं. कंपनीच्या बंपरचं खालचं लोंबणारं प्लास्टिक काही गाड्यांत कापता येतं, त्याने दोन-तीन अंश मिळतात. चासीला बोल्टने बसणारा, क्षमता लिहिलेला रिकव्हरी पॉइंट किंवा हिच घेतला की ओढायची सोय झाली. स्टेपनी मूळ मापाची असेल तर ती दारावरच राहते. एवढ्यात वजन वाढतं ते दहा-वीस किलो.

आणि बदललाच, तर बसवल्यानंतर काही शे किलोमीटरवर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने, म्हणजे ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने, पुन्हा आवळा, पहिल्या खडबडीत फेरीनंतर पुन्हा एकदा. हेडलाइटचा झोतही तपासा. मागचं टोक खाली बसलं की पुढचा उजेड वर जातो, तुम्हाला रस्ता कमी दिसतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. झोत खाली करायचा स्क्रू बहुतेक हेडलाइटच्या मागेच असतो.